युद्धकाळातलं जुनं पाकीट कोणी, कुठून धाडलं हे कसं शोधावं

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या जुन्या घरांत माळ्यावरची ट्रंक उघडली की कागदांच्या गठ्ठ्यात महायुद्धांच्या काळातली पाकिटं अजून निघतात. फौजेत भरती होणं इथे पिढ्यान्‌पिढ्यांचं. अपशिंगे गावाला तर सगळे ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. आतलं पत्र बहुतेकदा हरवलेलं असतं, घरच्यांना ‘आमचे कोणीतरी लढाईवर होते’ एवढंच ठाऊक असतं आणि पाकिटावर दोन-चार अर्धवट इंग्रजी शिक्के असतात. तेवढ्यावरूनही पाठवणारा पुष्कळदा सापडतो. मात्र शोध दोन्ही टोकांनी करावा लागतो. नवखे लोक आघाडीच्या टोकामागे, म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिसच्या (फौजेबरोबर फिरणाऱ्या पोस्टाच्या) नंबरामागे लागतात आणि पत्ता ज्याच्या नावाचा आहे त्या गावाकडे बघतच नाहीत. आपल्याकडच्या पाकिटांत पाठवणाऱ्याचं नाव पक्कं होतं ते बहुधा गावाच्या टोकाला.

पहिली पायरी: पाकीट खराब होऊ देऊ नका

ओल्या बोळ्याने पुसू नका, वाफेवर चिकटलेली घडी सोडवू नका, तिकीट काढू नका. त्या काळी पत्ते पुष्कळदा कॉपिंग पेन्सिलीने लिहीत. दिसायला ती साध्या शिसपेन्सिलीसारखी, पण पाण्याचा थेंब लागला की अक्षर जांभळं होऊन पसरतं आणि पुन्हा वाचता येत नाही. सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन तर मुळीच करायचं नाही. टाचणी किंवा स्टेपलची पिन गंजलेली असेल तर ती ओढू नका. पिनेची टोकं मागून हळूच सरळ करून सोडवा. तिकीट पाकिटावर आणि शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा कागदावर असेल तर तो जोडच तुमचा पुरावा असतो. तिकीट उचकटलं की तारीखही गेली आणि अस्सलपणाची खूणही.

ठेवायला पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं घ्या. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे मऊ, वास येणारे प्लॅस्टिकचे फोल्डर पीव्हीसीचे असतात. काही वर्षांत ते कागदाला चिकटतात आणि शाई ओढून घेतात. जावळी, पाटण, महाबळेश्वरकडे पावसाळ्यात कपाटातसुद्धा बुरशी येते, म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला त्या बदला किंवा तापवून कोरड्या करा. कसर लागलेलं पाकीट बाकीच्यांपासून लगेच वेगळं काढा.

दुसरी पायरी: स्कॅन

पुढची बाजू, मागची बाजू आणि घडी उघडत असेल तर आतली बाजू, तिन्ही ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन करा. शिक्क्यांपुरता भाग १२०० ला. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा, कारण शिक्क्याचा व्यास पुढे उपयोगी पडतो. मोबाइलने फोटो काढणार असाल तर फ्लॅश बंद, फोन पाकिटाला समांतर.

पुसट शिक्का वाचण्याची एक युक्ती फार कामाची आहे. गिंपसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये चित्राचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग वेगळे करून बघा. जांभळ्या शाईचा सेन्सॉर शिक्का हिरव्या भागात सर्वांत गडद दिसतो. सेन्सॉरने निळ्या पेन्सिलीने मारलेली फुली लाल भागात उठून दिसते आणि निळ्या भागात जवळजवळ नाहीशी होते, त्यामुळे तिच्याखालचं अक्षर वाचता येतं. काळी शाई उडून गेली असेल तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च कागदाच्या अगदी बाजूने, आडवा धरा. शिक्का जोरात मारलेला असेल तर कागदावरचा दाब दिसतो.

तिसरी पायरी: काळ ठरवा

कोणतं युद्ध, हे पाच मिनिटांत कळतं. तिकिटावर पंचम जॉर्ज असेल तर पहिलं महायुद्ध किंवा त्यानंतरची वर्षं, षष्ठ जॉर्ज असेल तर १९३७ नंतरचा काळ. पंचम जॉर्जच्या तिकिटावर ‘आय.ई.एफ.’ अशी काळी छपाई असेल तर ते इंडियन एक्सपिडिशनरी फोर्सचं, म्हणजे १९१४ पासून परदेशी गेलेल्या हिंदी फौजेसाठी काढलेलं तिकीट. तीन पैपासून एक रुपयापर्यंत अशी दहा तिकिटं होती. इथे एक घोळ नेहमी होतो: या तिकिटावरून माणूस फ्रान्सला होता की बसऱ्याला, ते कळत नाही. छपाई सगळ्या फौजांना एकच. फौजांची विभागणी मात्र अक्षरांनी होती: ‘ए’ फ्रान्स, ‘बी’ आणि ‘सी’ पूर्व आफ्रिका, ‘डी’ मेसोपोटेमिया (आजचा इराक), ‘ई’ आणि ‘एफ’ इजिप्त, ‘जी’ गॅलिपोली. ही अक्षरं पत्त्यात किंवा पाठवणाऱ्याच्या ओळीत शोधा. ‘सी.ई.एफ.’ अशी छपाई दिसली तर ती १९०० पासूनच्या चीन मोहिमेची. तिचा महायुद्धाशी संबंध जोडण्याआधी तारीख बघा.

तिकीट नसेल तर पाकीट अपुरं समजू नका. आघाडीवरच्या सैनिकाला विनातिकीट पत्राची सवलत असे. वरच्या कडेला हाताने ‘ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस’ किंवा नुसतं ‘ओ.ए.एस.’ लिहिलेलं सापडेल. दुसऱ्या महायुद्धात ‘एअरग्राफ’ही होता. पत्राचा फॉर्म फिल्मवर उतरवून फिल्म विमानाने जाई आणि पोचल्यावर तिचा छोटा फोटो-प्रिंट काढून वाटत. तळहाताएवढा, चकचकीत कागदाचा असा प्रिंट मिळाला तर पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता त्याच फोटोत वरच्या चौकटीत असतो, म्हणजे अर्धं काम झालंच.

पत्त्यातला जिल्हाही काळ सांगतो. आजचे वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि सांगली, मिरज, जत वगैरे संस्थानांचा मुलूख दक्षिण साताऱ्याला जोडला गेला. १९६० साली त्याचं नाव सांगली जिल्हा झालं. म्हणून ‘दक्षिण सातारा’ लिहिलेलं पाकीट महायुद्धातलं असूच शकत नाही, आणि तासगाव तालुक्यातल्या गावापुढे ‘जि. सातारा’ दिसलं तर ती चूक नव्हे. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होतं. पिनकोड असेल तर पत्र १९७२ नंतरचं. नया पैसा असेल तर १९५७ नंतरचं. आणि ‘५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘९९ ए.पी.ओ.’ (आर्मी पोस्ट ऑफिस) असा पत्ता असेल तर ते पाकीट १९६२, १९६५ किंवा १९७१ च्या काळातलं असण्याचा संभव जास्त; त्याचा शोध वेगळ्या वाटेने जातो.

चौथी पायरी: शिक्के आणि सह्या वाचा

एका पाकिटावर चार प्रकारच्या खुणा असतात आणि त्यांची सरमिसळ झाली की सगळा शोध भरकटतो.

पहिली खूण फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का. त्यात ‘एफ.पी.ओ.’, नंबर आणि तारीख असते, गावाचं नाव नसतं. शत्रूला ठिकाण कळू नये म्हणून नंबर. हा नंबर पलटणीचा नाही. एक फील्ड पोस्ट ऑफिस ब्रिगेड, डिव्हिजनचं मुख्यालय किंवा एखादा तळ यांना मिळून सेवा देई आणि फौज सरकली की तेही सरकत असे. म्हणून नुसत्या नंबरावरून ठिकाण काढू नका. हिंदी फील्ड पोस्ट ऑफिसांच्या छापील याद्यांत प्रत्येक नंबरापुढे ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अमुक ठिकाणी’ असं असतं. नंबर आणि तारीख दोन्ही हातात असतील तरच यादी उघडा. शिक्क्यातला नंबर अर्धा उठला असेल तर शक्य ते सगळे नंबर लिहून काढा आणि त्या तारखेला कुठला नंबर कुठे होता ते बघून एकेक गाळा.

दुसरी खूण सेन्सॉरची. पलटणीतला अधिकारी पत्र वाचून पाकिटावर, बहुधा खाली डाव्या कोपऱ्यात, सही करी आणि सेन्सॉरचा शिक्का मारी. ही सही पाठवणाऱ्याची नाही. गोऱ्या लेफ्टनंटची सही ‘आजोबांची सही’ म्हणून चौकटीत लावलेली घरं आहेत, म्हणून हे ठासून सांगायला हवं. याला एक अपवाद: सैनिकाला अधूनमधून मिळणारं हिरव्या छपाईचं सवलतीचं पाकीट. त्यावर ‘आत फक्त घरगुती मजकूर आहे’ अशा अर्थाचं प्रतिज्ञापत्र छापलेलं असे आणि त्याखालची सही पाठवणाऱ्याची स्वतःची असे, कारण असं पाकीट पलटणीत उघडत नसत. उघडायचं तर तळावरच्या सेन्सॉरने.

तिसरी खूण मुलकी सेन्सॉरची: कडेने कापून पुन्हा चिकटवलेली कागदी पट्टी, तिच्यावर ‘ओपन्ड बाय एक्झॅमिनर’ आणि नंबर. १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारची चळवळ जोरात होती, त्यामुळे त्या काळातल्या पाकिटावर सेन्सॉर दिसला की तो फौजेचा की मुलकी, हे आधी ठरवा. फौजेतून आलेल्या पाकिटावर दोन्हीही असू शकतात.

चौथी खूण पाठीमागची: पोस्टाचे वाटेतले शिक्के आणि बटवड्याचा शिक्का. हीच खूण लोक सोडून देतात. सातारा, कराड, इस्लामपूर अशा ऑफिसचा शिक्का मिळाला की ‘नांदगाव’ नावाच्या अनेक गावांपैकी आपलं कोणतं ते ठरतं. खेड्यातल्या ब्रँच ऑफिसचा शिक्का नसला तरी हरकत नाही, त्याच्या वरच्या ऑफिसचा पुरे. शिवाय निघण्याची आणि पोचण्याची तारीख मिळाली की मधला काळ मोजता येतो. इटलीतून जहाजाने आलेलं पत्र चार दिवसांत कराडला पोचत नाही. असा हिशेब आला तर महिना चुकीचा वाचलाय किंवा शिक्का नंतर मारलाय.

‘टी’ अक्षराचा शिक्का किंवा पोस्टमनने हाताने लिहिलेले आणे दिसले तर पाकीट बैरंग आलं होतं. तिकिटाची सवलत पोस्टाने मानली नाही किंवा तिकीट कमी पडलं. ही रक्कमही टिपून ठेवा.

पाचवी पायरी: पाठवणाऱ्याची ओळ

पाकिटाच्या मागच्या झाकणावर किंवा डाव्या कडेला ‘फ्रॉम’ असेल. तिच्यात चार गोष्टी शोधा: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. एखादं पाकीट असं असतं: पुढे ओ.ए.एस., तिकीट नाही, एफ.पी.ओ.च्या शिक्क्यात ४ जुलै ४४, नंबराचा शेवटचा आकडा तेवढा स्वच्छ. मागे ‘फ्रॉम’, पाच आकडी नंबर, ‘एन.के.’, पुसलेलं नाव, ‘३/५ एम.एल.आय., सी.एम.एफ.’, आणि कराडचा शिक्का. आता वाचा. ‘एन.के.’ म्हणजे नाईक. ‘सी.एम.एफ.’ म्हणजे सेंट्रल मेडिटेरेनियन फोर्स, अर्थात इटली. ‘३/५ एम.एल.आय.’ म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. जुलै १९४४ मध्ये ही पलटण इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढत होती. १० जुलैला तिथेच याच पलटणीतल्या नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आलं आणि पुढे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एफ.पी.ओ.चा नंबर पूर्ण न वाचताही ठिकाण इतकं जवळ आलं. आता यादीत इटलीतले तेवढेच नंबर बघायचे, ज्यांचा शेवटचा आकडा जुळतो.

फौजांची इतर संक्षिप्त नावंही अशीच कामाला येतात: ‘एम.ई.एफ.’ मध्यपूर्व, ‘पायफोर्स’ इराण-इराक, ‘सीॲक’ आग्नेय आशिया. पत्त्यात ‘ए.बी.पी.ओ.’ आणि नंबर असेल तर ते ॲडव्हान्स बेस पोस्ट ऑफिस. ब्रह्मदेशाच्या आघाडीच्या पाकिटांवर हे दिसतं.

पलटणींची नावं १९२२ साली बदलली, ती जुळवणी जवळ असू द्या. पहिल्या महायुद्धातली १०३ मराठा पुढे १/५ झाली, १०५ ची २/५, ११० ची ३/५, ११६ ची ४/५, ११७ ची ५/५ आणि ११४ ची १०/५. पहिल्या युद्धातल्या पाकिटावर ‘१/५’ आणि दुसऱ्यातल्यावर ‘११०’ दिसलं तर काहीतरी चुकतंय. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात सापडल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं आणि माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. तिथल्या माणसाचं मे १९१६ नंतरचं पाकीट असेल तर ते कैदेतलं किंवा वेढ्याबाहेर राहिलेल्या तुकडीतलं.

आणि सगळे मराठा पलटणीतच होते असं धरून चालू नका. बॉम्बे सॅपर्स, १९४१ साली बेळगावला उभी राहिलेली महार रेजिमेंट, सर्व्हिस कोअरचे ड्रायव्हर, पायोनियर, इस्पितळातले शिपाई, खेचरं हाकणारे ड्राबी, भिस्ती, स्वयंपाकी: या जिल्ह्यांतली पुष्कळ माणसं यांत होती. ‘आर.आय.ए.एस.सी.’ (रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर) वाचून ती पलटण नाही म्हणून सोडून दिलेली पाकिटं परत काढा.

पत्ता इंग्रजीत असला तरी तो पाठवणाऱ्याच्या हातचा असेलच असं नाही. पलटणीतला कारकून किंवा लिहितावाचता सोबती पत्ता घाली. आतलं पत्र सापडलंच तर ते मोडीत असू शकतं, देवनागरीत असू शकतं किंवा फौजेत शिकवलेल्या रोमन लिपीतल्या हिंदुस्थानीत. मोडी येत नसेल तर ‘दिसतं तसं’ वाचून अंदाज बांधू नका. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आणि पुराभिलेख संचालनालयाच्या वर्गांत मोडी शिकवतात, तिथून जाणकार माणूस मिळतो. त्याला मूळ पत्र न देता स्कॅन द्या, आणि वाचन ओळीला ओळ लावून घ्या.

सहावी पायरी: नाव शोधणं

माणूस युद्धात कामी आला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या मोफत ऑनलाइन नोंदींत बघा. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू त्यात धरलेत. नोंदीत पुष्कळदा ‘अमक्याचा मुलगा, अमुक गाव, सातारा’ असं जादा लिहिलेलं असतं आणि आपल्याला तेच हवं असतं.

इथे शोध फसतो तो स्पेलिंगमुळे. कारकुनाला ऐकू आलं तसं त्याने लिहिलं. पवार कधी ‘पोवार’, भोसले कधी ‘भोंसले’, साळुंखेतला ‘ख’ कधी नुसता ‘क’, जाधवच्या शेवटी व्ही ऐवजी ओ. यशवंतचं ‘येश्वंत’ होतं. म्हणून नावाने सुरुवात करू नका. आधी पलटण आणि वर्ष टाका, जादा माहितीत ‘सातारा’ टाका, येतील तेवढी नावं डोळ्यांखालून घाला. तासगाव किंवा वाळव्याच्या माणसासाठी ‘सांगली’ शोधलंत तर काही मिळणार नाही, कारण तेव्हा तो मुलूख साताऱ्यात होता. गावांची नावंही मोडतोड होऊन येतात; गाव मोठ्याने इंग्रजी थाटात उच्चारून पाहा, बहुतेक वेळा कोडं सुटतं.

स्मारकाच्या नावावरून आघाडी कळते: न्यूव्ह-शॅपेल म्हणजे फ्रान्स, बसरा म्हणजे मेसोपोटेमिया, केरेन म्हणजे एरिट्रिया, सांग्रो नदीचं दहनस्मारक म्हणजे इटली, रंगून स्मारक म्हणजे ब्रह्मदेश. ज्यांना अग्नी दिला त्यांची कबर नसते, नाव स्मारकावर असतं, तेव्हा ‘कबर नाही म्हणजे नोंद नाही’ असं समजू नका.

पहिल्या युद्धात सैनिकाचा नंबर त्याच्या पलटणीपुरता असे. दोन पलटणींत एकाच नंबराची दोन माणसं असू शकतात. नंबर जुळला पण पलटण जुळली नाही, तर तो तुमचा माणूस नव्हे.

माणूस जिवंत परत आला असेल तर या यादीत तो नसणारच, आणि बहुतेक माणसं परत आली. त्यांच्यासाठी पलटणीच्या रोजनिशा: पहिल्या युद्धाच्या ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहेत, दुसऱ्या युद्धातल्या मध्यपूर्वेच्या डब्ल्यूओ १६९, इटलीच्या १७० आणि आग्नेय आशियाच्या १७२ मध्ये. रोजनिशीत शिपायाचं नाव क्वचितच मिळतं; पाकिटावरच्या तारखेला पलटण नेमकी कुठे होती, ते मात्र मिळतं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळही चाळा. फ्रान्सला असलेल्या हिंदी सैनिकांच्या पत्रांतले उतारे सेन्सॉरने इंग्रजीत उतरवून ठेवले होते. ते ब्रिटिश लायब्ररीत एल/एमआयएल/५/८२५ ते ८२८ या क्रमांकांखाली आहेत.

कैदेतली पाकिटं वेगळी काढा. २/५ मराठा जून १९४२ मध्ये लिबियातल्या टोब्रुकला पकडली गेली, त्यामुळे मराठा पलटणीचं ‘प्रिझनर ऑफ वॉर’ लिहिलेलं, इटलीच्या छावणीचं ‘पी.जी.’ आणि नंबर असलेलं कार्ड हाती आलं तर आधी हीच पलटण तपासा. अशा कार्डांवर कैद्याचा नंबर असतो. तो त्याचा फौजेतला नंबर समजू नका. जिनिव्हाच्या रेडक्रॉसने पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं ऑनलाइन ठेवली आहेत, दुसऱ्यासाठी अर्ज करावा लागतो.

सातवी पायरी: गावाचं टोक

पत्ता ज्याच्या नावाचा आहे तो बाप, भाऊ, चुलता किंवा गावचा पाटील. त्या काळी बायकोच्या नावाने पत्र क्वचित येई, ते घरच्या कर्त्याच्या नावाने येई. म्हणून पत्त्यातलं नाव हे पाठवणाऱ्याच्या बापाचं असेल असं धरून सुरुवात करा, पण लिहून ठेवताना ‘अंदाज’ असंच लिहा.

गावात जाऊन आधी युद्धस्मारकाची पाटी बघा. पहिल्या युद्धानंतर सरकारने गावोगाव संगमरवरी पाट्या बसवल्या: ‘या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, त्यांपैकी इतकी कामी आली’, एवढाच इंग्रजी मजकूर. पाटी चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत असते आणि पुष्कळदा तिच्यावर रंगाचे थर बसलेले असतात. तिच्यावर नावं नसतात, पण आकडा मिळतो आणि आपण किती माणसांतून एक शोधतोय ते कळतं.

मग कागद. प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर: मुलाचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातली कोतवाल बुकं: गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुन्या वर्षांच्या मोडीत. आणि तलाठ्याकडचे जुने फेरफार. जमीनधारक मयत झाला की वारसाची नोंद होते, आणि परदेशी मृत्यू झाला असेल तर फेरफाराच्या मजकुरात तसा उल्लेख मिळू शकतो. फेरफाराची तारीख मृत्यूनंतर बरीच उशिरा असते, तिला मृत्यूची तारीख समजू नका. नक्कल मागताना गाव, गट किंवा जुना सर्व्हे नंबर आणि अंदाजे वर्षं, अशी पाच-सात वर्षांची मर्यादा घाला. ‘सगळं दाखवा’ म्हटलं की काम होत नाही.

पत्त्यातलं गाव नकाशावर सापडत नसेल तर ते धरणाखाली गेलंय का बघा. पाटण आणि जावळी तालुक्यांतली कोयना खोऱ्यातली कितीतरी गावं शिवसागर जलाशयात गेली, वारणेच्या चांदोलीकडेही तसंच. पुनर्वसित गावाचं नाव तेच असतं पण तालुका, कधी जिल्हाही बदललेला असतो. जिल्हा पुनर्वसन कार्यालयात कोणतं गाव कुठे वसवलं ते कळतं.

नाव आणि नंबर हाती आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि पलटणीच्या अभिलेख कार्यालयात अर्ज करा; मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी. अर्ज घरच्या वारसाच्या नावाने, नात्याच्या पुराव्यासह गेला तर उत्तर येण्याची शक्यता वाढते. त्यात नंबर, हुद्दा, नाव, पलटण, गाव आणि पाकिटाची तारीख एवढंच एका पानात लिहा, स्कॅन जोडा.

अस्सल की बनावट

बाजारातून घेतलेलं पाकीट असेल तर शोधाआधी हे करा. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली बघा: १९५० च्या आधीचा कागद झळझळीत निळा-पांढरा चमकत नाही, तसा चमकला तर कागद नंतरचा. आय.ई.एफ.ची छपाई साध्या तिकिटांवर नंतर मारून विकलेली असते; भिंगाखाली छपाईची शाई शिक्क्याच्या शाईवर बसलेली दिसली तर ती नंतरचीच. एकाच पाकिटावर तीन पैपासून रुपयापर्यंत सगळी तिकिटं ओळीने लावलेली असतील तर ते संग्राहकाने करवून घेतलेलं आहे. ते खोटं नसेलही, पण त्यावर शिपायाचा इतिहास उभा राहत नाही. पहिल्या युद्धाच्या काळात देशात साध्या पत्राला अर्धा आणा आणि पोस्टकार्डाला पाव आणा पडे. तिकिटाची किंमत आणि पत्राचा प्रकार यांचा मेळ बसतो का ते पाहा.

घरच्या ट्रंकेतल्या पाकिटावर हा संशय क्वचितच घ्यावा लागतो. तिथे भीती वेगळी: वापरलेलं पाकीट उलटं करून पुन्हा वापरणं तेव्हा सर्रास होतं, त्यामुळे दोन माणसांचे, दोन वर्षांचे शिक्के एकाच कागदावर असतात. बाहेरचा पत्ता एक आणि आतल्या बाजूचा दुसरा असेल तर त्यांची दोन स्वतंत्र टिपणं करा.

टिपण कसं ठेवावं

प्रत्येक पाकिटासाठी एक पान, तीन रकाने. पहिल्यात पाकिटावर जे डोळ्यांनी दिसतं तेच, न वाचता येणाऱ्या अक्षराच्या जागी ठिपका. दुसऱ्यात यादी, रोजनिशी किंवा फेरफारात मिळालेलं, नोंदीच्या क्रमांकासह. तिसऱ्यात तुमचा तर्क. ‘बहुधा धाकटा भाऊ’ हे तिसऱ्या रकान्यातून दुसऱ्यात तेव्हाच जातं, जेव्हा शाळेच्या रजिस्टरात दोघांच्या बापाचं नाव एक निघतं. दोन नोंदी एकमेकींना छेद देत असतील तर दोन्ही ठेवा; पुढे एखादं तिसरं पाकीट निघतं आणि त्यातली एक आपोआप गळते.

वारस सापडले तर आधी त्यांच्याशी बोला, स्कॅनची चांगली छपाई त्यांना द्या आणि नाव-गावासकट काही कुठे टाकायचं असेल तर त्यांची परवानगी घ्या. पुष्कळदा अशा भेटीत त्यांच्या ट्रंकेतूनही दोन-तीन पाकिटं निघतात. ती निघाली की प्रत्येकासाठी नवं पान घाला आणि सगळी पाकिटं एफ.पी.ओ.च्या तारखेप्रमाणे लावा. एकाच माणसाची चार पाकिटं तारखेने लागली, तर त्याची पलटण कुठून कुठे गेली ते रोजनिशीशी ताडून बघणं एका पाकिटापेक्षा कितीतरी सोपं जातं.